गाडी आहे, चालक नाही: गावची रुग्णवाहिका टिकवायची कशी?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. विषय आमच्या गावच्या रुग्णवाहिकेचा आहे, पण इतर गावांतही हेच चालू असणार असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव पाटण तालुक्यात. कराड-चिपळूण रस्त्यावरच्या फाट्यापासून ११ किलोमीटर वर, त्यातले शेवटचे ४ किलोमीटर नुसता चढ आणि वळणं. सात वाड्या आहेत. घरटी एक तरी माणूस मुंबईला. जुनी पिढी माथाडीत गेली, नवी घणसोली-कोपरखैरण्यात राहते. २०१८ च्या यात्रेत मुंबई मंडळाच्या बैठकीत ठरलं की गावाला रुग्णवाहिका घ्यायची. आठ महिन्यांत पैसे उभे राहिले. मारुतीची ईको व्हॅन घेतली, मागे स्ट्रेचर, ऑक्सिजनचा एक सिलिंडर, वर दिवा. ट्रस्ट नोंदवला, मला खजिनदार केलं. तेव्हापासून हिशेबाची वही माझ्याकडे आहे.

गाडी घेणं हेच यातलं सगळ्यात सोपं काम होतं, हे कळायला मला वेळ लागला. देणगीदाराला गाडी दिसते, तिच्यावर नाव घालता येतं. टायर, विमा, पासिंग, रात्री दोनला उठणारा माणूस, यांच्यावर कुणाचं नाव घालणार?

पहिली साडेतीन वर्षं गावातल्या एकाच मुलाने ही गाडी ओढली. फेरीला दोनशे रुपये भत्ता, बाकी काही नाही. करोनात सगळे दारं लावून बसले होते तेव्हा तो पेशंट घेऊन कराडला जात होता आणि घरी न जाता शाळेच्या व्हरांड्यात झोपत होता. पुढे लग्न झालं, मूल झालं, आणि तो चाकणला कंपनीत लागला. त्याला कोण बोल लावणार? गाडी देवळाच्या शेडमध्ये उभी राहिली. मी महिन्याला जाऊन पुसायचो. पुसायचो फक्त.

गेल्या श्रावणात माझ्या चुलतीला रात्री साडेनऊला पक्षाघाताचा झटका आला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. पोरांनी चावी आणली, गाडी चालूच होईना. बॅटरी मेलेली. उतारावर ढकलून पाहिली, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून पाहिली. यात दोन तास गेले. शेवटी दुधाचा पिकअप मिळाला. कराडला पोचेपर्यंत पहाटेचे तीन. त्या सगळ्या गोंधळात १०८ ला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. कारण आपली गाडी आहे ना!

चुलती जगली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी तिला भेटायला जातो तेव्हा ती नुसती बघते.

मला ही गाडी विकायची नाही. चालक कुठून आणायचा, महिन्याचा खर्च कशातून काढायचा, आणि कोणत्या फेऱ्यांना नाही म्हणायचं, एवढं कळायला हवं आहे. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया लिहा.

डॉ_घाटपायथा

वाचून वाईट वाटलं. तुमच्या काकूंसारख्या पेशंटमध्ये, गुठळीचा झटका असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सिटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे घरातून निघायला जेमतेम दोन तास हातात असतात. 'लक्षण केव्हा सुरू झालं' ती वेळ कागदावर लिहून पेशंटसोबत पाठवायची सवय गावाला लावा. आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो आणि निम्म्या वेळा नातेवाइकांना सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. ईकोमध्ये स्ट्रेचर टाकून कराडपर्यंत ६० किलोमीटर जाणं हे तुमच्या गाडीचं काम असू नये. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक उपकरणांच्या. त्या सगळ्या मिळून राज्यभराच्या आहेत, तुमच्या वाडीच्या दारात त्या पंधरा मिनिटांत येतील अशी अपेक्षाच चूक. पण फाट्यापर्यंत त्या येऊ शकतात. तुम्ही तुमचे ११ किलोमीटर सांभाळा.

सारथी_१०८

डॉक्टर बरोबर बोलले. मी पाच वर्षं १०८ वर चालक आहे (आम्हाला पायलट म्हणतात), तुमच्या जिल्ह्यात नाही पण घाटातच. आतून सांगतो.

फोन पुण्याला लागतो. उचलणाऱ्याला तुमची वरची वाडी कुठली आणि खालची कुठली ते माहीत नसतं. 'शाळेजवळ' सांगू नका, प्रत्येक गावात शाळा आहे. फाट्याचं नाव, किलोमीटरचा दगड, रस्त्यावरचं हॉटेल किंवा पेट्रोलपंप असं सांगा. आणि हे वाक्य सरळ म्हणा: 'आम्ही पेशंट आमच्या गाडीने फाट्यावर आणतोय, तिथे भेटा.' जवळच्या गाडीचा नंबर मिळाला की आमच्याशी थेट बोला. आम्ही खालून निघालो, तुम्ही वरून निघालात, मधे भेटलो. चढाचे ११ किलोमीटर आमच्या मोठ्या गाडीला पावसाळ्यात पाऊण तास घेतात, वर वळवायला जागा नसते ते वेगळंच. तुमची ईको तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत उतरते.

आम्ही दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेलो असलो तर तेही फोनवर लगेच कळतं. मग तुम्ही थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. पण आधी फोन, मग चावी.

गाडीबद्दल. रोज सकाळी चालू करून दहा मिनिटं ठेवायची, आठवड्यातून दोनदा फाट्यापर्यंत फिरवायची. उभ्या गाडीचे टायर चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतात. स्ट्रेचरचं लॉक तपासा, चढावर पेशंट मागे सरकतो. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधा. सिलिंडर भरलेला आणि चावी कुणाच्या तरी खिशात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोयनाकाठ

सारथी, डॉक्टर, मनापासून आभार. फाट्यावर भेटायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हिशेब मांडून बघितला. कराडला जाऊन-येऊन १२० किलोमीटर, घाटात आमची गाडी लिटरला १३ च्या वर देत नाही, म्हणजे फेरीला हजाराच्या आसपास पेट्रोल. फाट्यापर्यंत जाऊन-येऊन २२ किलोमीटर, दोनशेच्या आत. आणि चालकाचे सहा-सात तास जायचे ते दीड तासावर येतात. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री दीड तास देऊ शकतो. सात तास मागितले म्हणूनच दुसरं कुणी पुढे आलं नाही, असं आता वाटतंय.

चाकरमानी_घणसोली

मी तुमच्याच तालुक्यातला आहे, गाव वेगळं. आमच्या मंडळानेही २०१९ ला गाडी दिली, तीही उभीच असते. मुंबईकरांची बाजू सांगतो. आम्ही मार्केटमध्ये गोणी उचलून, हप्ते बाजूला ठेवून वर्गणी दिली. यात्रेला गावी आलो की गाडी शेडमध्ये, वर कोंबड्या बसलेल्या. मग बैठकीत भांडणं होतात आणि पुढच्या वर्षी कुणी पैसे देत नाही.

आणि फेऱ्यांना नाही म्हणायचं म्हणताय म्हणून एक विचारतो. माझे वडील वाशीला दवाखान्यात गेले. त्यांची इच्छा होती गावच्या मातीत जायची. गावची गाडी आली आणि रात्रीतून आम्ही त्यांना गावी नेलं. खासगी शववाहिकेने तेव्हा सांगितलेले पैसे आमच्याकडे नव्हते. आता 'मयत नेणार नाही' असा नियम केलात तर मुंबईतल्या माणसाने कशासाठी वर्गणी द्यायची?

कोयनाकाठ

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो आणि मी वहीत सगळ्यात जास्त वेळा त्याच्याशीच अडलोय. मुंबईला मयत आणायला गाडी गेली की ती दीड दिवस गावात नसते. एकदा तसंच झालं होतं, गाडी मुंबईला आणि इकडे खालच्या वाडीतल्या पोराला नाग चावला. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेला. वाचला तो, पण त्याच्या आईने गाडी परत आल्यावर चालकाला जे विचारलं ते मी इथे लिहू शकत नाही. आणि ज्यांची मयत आणली त्या घरालाही मी 'आणायला नको होती' असं म्हणू शकत नाही.

धडगावचा_मास्तर

सातपुड्यात नोकरी करतोय, बावीस वर्षं झाली. तुमच्याकडे ११ किलोमीटरचा रस्ता तरी आहे. इकडे अक्कलकुवा-धडगावात कित्येक पाड्यांना गाडीच पोचत नाही. बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात, चार माणसं खांद्यावर घेतात, चार बदलीला मागून चालतात. नर्मदेच्या काठच्या पाड्यांना सरदार सरोवराचं पाणी आल्यापासून बोट हाच रस्ता, तिथे बोटीची रुग्णवाहिका आहे.

मी का लिहितोय ते सांगतो. झोळीच्या गावांत 'चालक नाही' असं कधी होत नाही, कारण झोळीला एक माणूस कधीच पुरत नाही. आठ लागतात, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं. पाड्यावर कुणाची पाळी आहे हे ठरलेलं असतं, एखादा लग्नाला गेला तर दुसरा उभा राहतो. गाडी आली की गावाला वाटतं एक माणूस पुरे. तो दमला की सगळं थांबतं. तुमच्या गाडीलाही आठच माणसं लागतात असं धरून चाला.

वकीलबाई_सातारा

विम्याचं लिहिते, कारण याकडे बहुतेक ट्रस्टांचं लक्ष नसतं.

गाडी व्यक्तीच्या नावावर असते तेव्हा मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो. गाडी ट्रस्टच्या नावावर असली की तो लागूच होत नाही, कारण ट्रस्ट गाडी चालवत नाही. पगारी चालकासाठी पॉलिसीत वेगळी जोड घेता येते, पण तुमचा माणूस पगारी नाही. म्हणजे रात्री घाटात काही झालं तर पेशंटला, समोरच्याला काही ना काही मिळेल, आणि जो फुकट गाडी चालवत होता त्याच्या घरच्यांच्या हातात काहीच पडणार नाही. कोयनाकाठ, आज वही बंद करून पॉलिसी उघडा. स्वयंसेवकांची नावं घालून गट अपघात विमा घ्या. तो होईपर्यंत निदान प्रत्येकाची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू आहे ना ते बघा. वर्षाला २० रुपये, २ लाखांचं संरक्षण, १८ ते ७० वयापर्यंत. हे पैसे ट्रस्टने भरावेत, स्वयंसेवकाने नाही.

लायसन्स: मागे ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का नाही म्हणून विमा कंपन्या दावे अडवत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवू शकतो. ईको त्यात आरामात बसते. म्हणजे गावात ज्याच्या-ज्याच्याकडे कारचं लायसन्स आहे तो तुमचा चालक होऊ शकतो.

अपघातातल्या जखमीला नेलं तर पोलिसांचा त्रास होईल ही भीती पोरांना असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे अपघातातल्या जखमींपुरतं आहे, झटका किंवा सर्पदंशाच्या पेशंटला ते कलम लागत नाही. पण तिथे मुळात पोलिसांचा संबंध कमीच येतो. त्या कलमाची मराठी प्रत लॅमिनेट करून गाडीत ठेवा.

आणि ट्रस्टी बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला का? गेला नसेल तर उद्या बँक सह्या मानणार नाही आणि तुम्ही पेट्रोलच्या पैशासाठी अडून बसाल.

कोयनाकाठ

ताई, पॉलिसी उघडली. तुम्ही म्हणता तसंच आहे. साडेतीन वर्षं त्या मुलाला आम्ही कोणत्याही संरक्षणाशिवाय रात्री-अपरात्री घाटात पाठवत होतो. हे मला त्याला फोन करून सांगावं लागेल.

रानजाई

मी आशा आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. फोनवर लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

बाळंतपणासाठी गावची गाडी वापरायची गरज पडू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून नेणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं दोन्ही मोफत आहे, १०२ ची गाडी प्राथमिक आरोग्य केंद्रावर असते. आमच्याकडे प्रत्येक गरोदर बाईची तारीख असते. मी मे महिन्यातच यादी काढते, जून ते सप्टेंबरमध्ये कुणाकुणाचे दिवस भरतायत. ज्या वाडीचा रस्ता ओढ्यामुळे तुटतो तिथल्या बाईला आठ दिवस आधी नातेवाइकांकडे खाली आणते. ही यादी तुमच्या गाडीवाल्यांनाही द्या. म्हणजे रात्री फोन आला की दचकायला होत नाही, कुठलं घर ते माहीत असतं.

दुसरं. रात्री बाईमाणूस आजारी पडलं आणि गाडीत दोन परके पुरुष असले तर बाई त्रास अंगावर काढते. सकाळपर्यंत थांबते. हे कुणी बोलून दाखवत नाही पण मी दर महिन्याला बघते. तुमच्या पाळीत एक बाई पाहिजे. बचत गटातल्या बायका तयार होतात, त्यांना विचारायला कुणी जात नाही. आमच्या गटातल्या दोघी ट्रॅक्टर चालवतात. त्यांना ईको काय जड आहे?

चाकरमानी_घणसोली

ताईंचं शेवटचं वाक्य मी घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, लायसन्स मलापण आहे, मे महिन्यात गावी असते तेव्हा माझं नाव लावा.

पर्थचा_पाटणकर

मूळचा कराडचा, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या पूर्वेला गव्हाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावात. इथे ग्रामीण भागातली रुग्णवाहिका बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकच चालवतात. मी दोन वर्षं त्यात आहे. शेतकरी, शिक्षिका, दुकानदार, सगळे पाळीने.

इथेही माणसं कमी पडतात, कापणीच्या दिवसांत तर फारच. तरी टिकून आहे त्याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे लोक गाडी लागायच्या आधी पैसे भरतात. गावाकडच्या लोकांना वर्षाची वर्गणी भरून रुग्णवाहिकेचं संरक्षण घेता येतं, त्यामुळे आजारी माणसाच्या उशाशी बसून पैशाचं बोलावं लागत नाही. दुसरं, वाईट फेरीनंतर स्वयंसेवकाशी कुणीतरी बोलतं. माझ्या चौथ्याच फेरीत एक लहान मूल गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रातली एक वयस्क बाई घरी आली, चहा प्याली, सगळं ऐकून घेतलं, आणि पुढचे पंधरा दिवस माझी पाळी तिने स्वतः केली. ती आली नसती तर मी सोडलं असतं. तुमच्या त्या मुलाला करोनाच्या काळात शाळेच्या व्हरांड्यात झोपताना कुणी असं भेटायला गेलं होतं का, हा प्रश्न मला तुमची पोस्ट वाचल्यापासून छळतोय.

कोयनाकाठ

जेवणाचा डबा जात होता. बसून बोललं कुणी नाही.

दूधसंकलन_नऊवाजता

पैशाचं मी सांगतो, कारण आमच्या गावात हे चाललंय. (सांगली जिल्हा, शिराळ्याच्या बाजूला.) महिन्याला वर्गणी मागत फिरलात तर तिसऱ्या महिन्यात थांबेल. मागणारा थकतो आणि देणाऱ्याला दर वेळी नव्याने विचार करावा लागतो. आम्ही डेअरीत ठराव केला. दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून खातेदारामागे ५ रुपये रुग्णवाहिकेला. महिन्याचे १५ होतात. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पैसे दहाव्या दिवशी नेमाने येतात. ज्यांच्याकडे जनावर नाही ते बचत गटातून देतात. सचिव फळ्यावर लिहितो: जमा किती, पेट्रोल किती, शिल्लक किती. तो फळा डेअरीच्या दारात आहे, रोज सकाळ-संध्याकाळ सगळा गाव तिथे उभा असतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून चालकाचा पगार काढायचा विचार कुणी केला असेल तर सोडून द्या, त्या पैशातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. आणि पुढाऱ्याचा फोटो गाडीवर लावून घेऊ नका. आमच्या शेजारच्या गावात फोटो लागला, निवडणुकीनंतर निम्म्या गावाने त्या गाडीला फोन करणं बंद केलं. आजारी माणूस घरात तसाच ठेवून खासगी जीप शोधत बसायचे.

डॉ_घाटपायथा

पाळीतल्या सगळ्यांना एक दिवस प्रशिक्षण द्या, ग्रामीण रुग्णालयाला विनंतीपत्र दिलंत तर कुणीतरी नक्की येईल. फार शिकवायचं नाही. छाती दाबायचा सराव: मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात निदान ५ सेंटिमीटर खोल, पुतळ्यावर घाम येईपर्यंत. बेशुद्ध पण श्वास चालू असलेला माणूस कुशीवर. गरोदर बाई डाव्या कुशीवर. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. हात-पाय फळीला स्थिर बांधून निघायचं. झटक्याच्या पेशंटला पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालायचं नाही.

ऑक्सिजनचा हिशेबही शिकवा. गाडीतला लहान सिलिंडर, आम्ही त्याला बी टाइप म्हणतो, पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर लावला तर पाच तास, १० लावला तर अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा. फाट्यापर्यंत हा भरपूर आहे.

सारथी_१०८

मयतीच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून मी बोलतो. आमच्या सेवेत मयत नेत नाही, नियमच आहे. सुरुवातीला लोकांचे शिव्याशाप खाल्ले. पण एकदा मी स्ट्रेचरवर पेशंट असताना रस्त्यात मयत झालेल्याच्या घरच्यांनी गाडी अडवलेली अनुभवली आहे. गावात तर तुमचेच भाऊबंद, नाही म्हणणार कसं? पाळीवरच्या पोरावर तो निर्णय टाकू नका. तो कागदावर ग्रामसभेच्या ठरावात असू द्या, म्हणजे पोरगा म्हणेल, माझ्या हातात नाही.

चाकरमानी_घणसोली

रात्रभर यावर विचार केला. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲपवरही टाकलं. मी माझं मत बदललं असं म्हणत नाही, वडिलांना गावी नेलं याचा मला आजही आधार वाटतो. पण नाग चावलेल्या पोराच्या आईच्या जागी माझी बहीण असती तर, हेही डोक्यातून जात नाही. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी तोडगा सुचवलाय. मयतीसाठी मुंबई मंडळाने वेगळी पेटी ठेवायची. गावचा माणूस मुंबईत गेला की त्या पेटीतून भाड्याच्या शववाहिकेचे पैसे द्यायचे, गावची गाडी गावातून हलवायची नाही. पहिल्या वर्षी माणशी ३०० रुपये ठरतंय. कोयनाकाठ, तुमच्या मंडळाशी आमचे लोक बोलतील, दोन्ही गावांची पेटी एकत्रही करता येईल.

कोयनाकाठ

(दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.)

ग्रामसभा झाली. जे ठरलं आणि जे नाही ठरलं ते दोन्ही सांगतो.

गाडी फाट्यापर्यंत जाणार, त्याच्या पुढे फक्त १०८ ने 'गाडी लांब आहे' असं सांगितलं तरच. पाळीला अकरा जण आले. सात पुरुष, चार बायका, त्यातल्या दोघींकडे लायसन्स आहे. एका आठवड्याला दोघे, एक चालक, एक सोबतीला. भातलावणीच्या आणि यात्रेच्या आठवड्यांची पाळी आधीच वाटून टाकली, कारण भांडण तिथेच होणार होतं. अकराही जणांचा २० रुपयांचा विमा झाला, गट विम्याचं कोटेशन आलंय. डेअरीचा ठराव एका बैठकीत झाला नाही, तिसऱ्या बैठकीत झाला. फळा लागलाय. बदल अर्ज दिला. दोन जुने ट्रस्टी मुंबईत आहेत, त्यांच्या सह्यांसाठी मीच जाऊन आलो.

डायलिसिसच्या दोन पेशंटचं ठरलं नाही. आठवड्यातून तीनदा कराडला नेणं या गाडीला झेपत नाही, आणि त्या दोन्ही घरांना दुसरा मार्ग दिसत नाही. सध्या पाळीतली माणसं सोडून बाकीचे आपापल्या गाड्यांनी त्यांना नेतायत, पेट्रोल ट्रस्ट देतो. ताईंनी वर सांगितलंय म्हणून नातेवाइकांकडून एक रुपयाही घेत नाही.

वकीलबाई_सातारा

मी ते इथे लिहिलं नव्हतं, पण घेत नाही हे बरोबरच करताय. खासगी नोंदणीच्या गाडीत पैसे घेऊन माणूस नेला की ती भाड्याची वाहतूक ठरते आणि विमा कंपनी हात वर करते. पेट्रोलचं बिल पंपावरून ट्रस्टच्या नावे घ्या.

कोयनाकाठ

घेतो ताई.

आणखी एक. चाकणच्या त्या मुलाला फोन केला होता. विम्याचं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, गाडीचा सेकंड गिअर अजून अडकतो का, अडकत असेल तर चढावर आधी पहिल्यात टाकायला सांगा नव्या लोकांना. गेल्या शनिवारी सुट्टीला आला आणि दिवसभर दोघी बायकांना घाटात घेऊन फिरला, रात्रीसुद्धा एक फेरी मारून दाखवली.

परवा पहिला फोन आला. वरच्या वाडीतले आजोबा, छातीत दुखत होतं, रात्री सव्वाअकरा. चालवायला त्या दोघींतली एक, सोबत शाळेतला शिपाई. आधी १०८ ला फोन, मग चावी. फाट्यावर आमची गाडी आधी पोचली, सहा-सात मिनिटं थांबावं लागलं, मग पेशंट बदलला. आजोबा कराडला ॲडमिट आहेत, काल बोलले माझ्याशी.

त्या सहा मिनिटांत सिलिंडरचा काटा दिसेना, अंधार होता. आत दिवा लावायला सांगितलाय. रविवारी सकाळी नऊला देवळापाशी सराव आहे, ग्रामीण रुग्णालयातून सिस्टर येणार आहेत. सिलिंडर भरायला मी उद्या कराडला निघतोय.

रानजाई

सरावाला बायकांना लहान मुलं घेऊन यायला सांगा, नाहीतर निम्म्या येणार नाहीत. मुलांकडे बघायला कुणीतरी आजी बसवा.

कोयनाकाठ

सांगितलं. चुलतीच्या सुनेने घेतलंय ते काम, चुलतीच्या अंगणातच बसतील सगळी.